तंट्याआधीची वंशावळ

बीड जिल्ह्यात आज वंशावळीला जेवढी मागणी आहे, तेवढी पूर्वी फक्त सोयरिकीच्या बैठकीत असायची. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तेव्हापासून तहसीलच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानात, चहाच्या टपरीवर लोक पणजोबाच्या बापाचं नाव आठवत बसलेले दिसतात. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला आणि ही आठवणूक आणखी वाढली. ज्याला मोडी वाचता येते त्याच्या दारात सकाळी सातला मोटारसायकली लागतात.

अंबाजोगाईतले आमचे मामा अशांपैकी एक. माझे ते सख्खे मामा नव्हेत, पण गल्लीत त्यांना दुसरं नाव नाही. निवृत्त शिक्षक. घरात पूर्वी पटवारकी होती, त्यामुळे माळ्यावर कागदांचे रुमाल होते आणि वडिलांच्या हाताखाली मोडीही आली. लोकांच्या वंशावळी वाचून देता देता त्यांना स्वतःच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायची हौस आली. त्यांची भाची बीडच्या न्यायालयात दिवाणी वकिली करते, बहुतेक वाटणीचे दावे. मुद्रितं तपासायला तिच्याकडे गेली आणि दोघांची जुंपली. मी दोन्हीकडचा चहा पिणारा. पुढचं संभाषण मी ऐकलं तसं मांडतो आहे. एकच मुद्दा चौथ्यांदा आला तिथं कात्री लावली आहे.

भाची : मामा, पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय की आपलं घराणं बिदरकडून आलं. कशावरून?

मामा : कुलदैवतावरून. आपला खंडोबा जेजुरीचा नाही, बिदरजवळच्या मैलारचा. माझे आजोबा लग्नानंतर जोडीनं तिकडं जाऊन आलेले. आणि हे काही अघटित नाही. बहामन्यांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली, हिशेब लिहिणारी घरं तिकडं गोळा झाली. पुढं सत्ता फुटली तशी ती पांगली. संतकवी दासोपंतांचंच बघ की. जन्म १५५१ चा, नारायणपेठचा, आज ती तेलंगणात आहे. बाप तिथला देशपांडे. माणूस फिरत फिरत इकडं आला आणि इथंच राहिला. १६१५ मध्ये देह ठेवला तो अंबाजोगाईत. त्यांनी लिहिलेली चाळीस फुटी पासोडी आहे ती या गावात आहे, नारायणपेठेत नाही.

भाची : दासोपंत दक्षिणेतून आले म्हणून आपणही आलो?

मामा : आलो असू, असं म्हणायलोय.

भाची : छापताना ‘असू’ गळून पडलंय. आणि कुलदैवताचं म्हणाल तर आपल्या गावातच बघा. योगेश्वरी निम्म्या कोकणस्थांची कुलदेवी. पुण्या-रत्नागिरीहून लोक ओटी भरायला येतात. आता त्यांचे पूर्वज इथून कोकणात गेले की देवी तिकडून इथं आली? आपली गोष्ट म्हणते, देवी कोकणची. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. हत्तीखान्यातले दगडी हत्ती पुरावा म्हणून दाखवतात. देवाधर्मावरून दोन जागांचं नातं कळतं, पण कोण कुठून निघालं आणि कुठं पोचलं ते कळत नाही. अहो, नवस फळला म्हणून घरं कुलदैवत बदलतात, सोयऱ्यांचं उचलतात.

मामा : मग कागदाकडं ये.

मामांनी माळ्यावरून एक रुमाल काढून आणला होता. लाल खारव्याचा चौकोनी कपडा, चारी टोकं बांधलेली. आत बोरूनं लिहिलेले लांबट कागद, कडा कसरीनं खाल्लेल्या. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. शब्द कुठं संपला ते रेघेवरून कळत नाही, सवयीवरून कळतं. मामा बोट न टेकवता कागदावरून हात फिरवत वाचतात. दुसऱ्या गठ्ठ्यात निजामाच्या काळातले उर्दू उतारे. त्यावर फसली सन. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १३४४ फसलीचं सेतवार १९३४ च्या आसपासचं. त्यानंतरची भक्कम नोंद म्हणजे १९५४-५५ ची खासरा पाहणी. पोलीस कारवाई होऊन निजामी गेलेली, पण जिल्हा अजून हैदराबाद राज्यातच. या कागदांत अंबाजोगाई शोधणाऱ्याला अंबाजोगाई सापडत नाही. गावाचं सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होतं. कित्येक जण ‘आमच्या गावची नोंदच नाही’ म्हणून परत जातात ते एवढ्यासाठी.

मामा : हे बघ. इथं चार पिढ्या सरळ उतरल्यात. अमुक वल्द तमुक, तमुक वल्द फलाणा. सही आहे, शिक्का आहे. याला तू कोर्टातसुद्धा नाही म्हणणार नाहीस.

भाची : म्हणेन. हा कागद कशासाठी लिहिला?

मामा : इनामाच्या चौकशीसाठी. वारस कोण, हे सांगायला.

भाची : म्हणजे जमीन मिळवायला. मामा, माझ्याकडं येणारा प्रत्येक वाटणीचा दावा वंशावळीनं सुरू होतो. वादी पहिल्या परिच्छेदात झाड काढतो आणि प्रतिवादी कैफियतीत म्हणतो, ही वंशावळ खोटी आणि अपुरी आहे. एकाच आजोबांची दोन झाडं मी एकाच फाइलमध्ये बघितलीत. एकात आजोबांना दोन बायका, दुसऱ्यात एकच. म्हणून कायद्यानं एक अट घातलीये. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ३२ : मेलेल्या माणसानं नात्याबद्दल काही सांगून ठेवलं असेल, घरच्या वंशावळीत असेल, थडग्यावर कोरलेलं असेल, तर ते ग्राह्य, पण तंटा उभा राहण्याआधी सांगितलेलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून कायद्याचं नाव बदललं, भारतीय साक्ष्य अधिनियम झालं, अट तीच आहे. तंट्यानंतर लिहिलेल्या वंशावळीला स्वार्थ चिकटतो. या अटीला तुमचा रुमाल लावला तर किती कागद उरतात?

मामा : थोडे.

भाची : आणि २०२३ नंतर जी झाडं निघाली ती?

मामा : ती वेगळी गोष्ट. तिथं झाड नवं असलं तरी नोंद जुनी दाखवावी लागते.

यात मामांचं म्हणणं रास्त आहे, आणि बाहेरच्या वाचकाला ते समजावून सांगायला हवं. जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, खासरा, कूळनोंद, असं काहीतरी त्या तारखेच्या अलीकडं नको, पलीकडं हवं. नोंदीतला माणूस आणि आजचा अर्जदार यांच्यामध्ये जो पूल टाकायचा तो वंशावळीचा. पुलाचं पलीकडचं टोक जुनं असतं, अलीकडचं आजचं असतं, आणि मधल्या दोन-तीन कमानी शपथपत्रावर उभ्या असतात. आरक्षण कुणाला मिळावं हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या जिल्ह्यात आजोबांचं नाव विचारणं म्हणजे घरगुती गप्पा होत्या, तिथं ते नाव आता कुणाच्या तरी फायद्याचं आणि कुणाच्या तरी तोट्याचं झालंय. तंट्याआधीचं निखळ बोलणं मिळायचे दिवस इथं संपले आहेत.

मामा : तुझं ते कलम मला उलटं वाटतं. तू राजवाड्यांचे साधनांचे खंड चाळ. बावीस खंड. त्यातल्या वतनाच्या तंट्यांत दोन्ही बाजू करीना लिहून देतात : मूळपुरुष कोण, तो कुठून आला, गाव कसं वसवलं, कुणाला किती मुलं, कोण निपुत्रिक मेला. हे सगळं तंट्यातलं. पण ते कुणासमोर मांडायचं? गोतसभेपुढं. पाटील, कुळकर्णी, बारा बलुतेदार, शेजारच्या गावचे पाटील. खोटा भाऊ घुसडला तर समोरचा तिथंच ओरडणार. शेवटी महजर व्हायचा, त्यावर सगळ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. म्हणजे झाड शंभर डोळ्यांखालून जायचं. याच्या उलट, भांडण नसताना निवांत बसून लिहिलेल्या कुलवृत्तांतात काय येतं? आमचे पूर्वज राजपूत, आमचे पूर्वज थेट अमक्या ऋषींचे. त्याला विचारणारं कुणी नसतं ना. खोटं जास्त पिकतं ते तंटा नसतो तिथं.

भाची : हे तुम्ही स्वतःच्या पुस्तकाबद्दल म्हणायलात?

मामा : माझ्या पुस्तकात राजपूत नाहीत.

भाची : बिदर आहे.

इथं मी मनातल्या मनात मामांना गुण दिले. प्रतिवादीइतका बारकाईनं वाचणारा वाचक कुठल्याच इतिहासकाराला मिळत नाही. पण भाचीचा प्रश्न त्यानं मिटत नाही, फक्त पुढं सरकतो. ज्यांच्यात तंटा होण्याइतकं काही नव्हतंच, त्यांचं काय?

भाची : तुम्ही निशाण्या सांगितल्या. गावाच्या शिवेचा वाद आला की महाराची साक्ष सगळ्यात वजनदार. शीव त्याला पाठ. पाटलाच्या खापरपणज्याची हद्द तो सांगणार, पण त्याच्या स्वतःच्या खापरपणज्याचं नाव कुठल्या करिन्यात आहे? त्याचंही वतन होतं, त्याचेही तंटे झाले, मान्य. पण प्रमाण बघा. मग पारध्यांचं बघा, वडारांचं बघा. गाव नाही तर गावचा नमुना नाही. आणि आज बघा. आपल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर भागातून दिवाळीच्या मागंपुढं ऊसतोडीला टोळ्या निघतात, सांगली-कोल्हापूर, पार निपाणी-बेळगावपर्यंत. पाच-सहा महिने तिकडं. कुणाचा जन्म फडाशेजारच्या कोपीत होतो. मुकादमाच्या वहीत उचल लिहितात ती कोयत्यावर, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. शंभर वर्षांनी कुणी त्या घराची वंशावळ काढायला बसला, तर कुठल्या तालुक्यात नोंद शोधणार? दक्षिणेतून आलेल्यांचं तुम्हाला एवढं अप्रूप. आपल्याकडून दक्षिणेत दर वर्षी जाणाऱ्यांची कुणी वही ठेवलीय का?

मामा : दक्षिणेत गेलेल्यांचा विषय काढलास तर तंजावरला चल. मराठी माणसानं परमुलखात आपली वंशावळ लिहिली ती तशी कुणी लिहिली नाही. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचं सगळं वंशचरित्र दगडात कोरलंय, १८०३ साली, मराठीत. भोवती तमीळ मुलूख, वर चोळांचं शिखर, आणि खाली आपली देवनागरी. मी बघून आलोय. अंगावर काटा येतो.

भाची : कुणी कोरलं?

मामा : दुसऱ्या सरफोजीनं.

भाची : सरफोजी दत्तक. तुळजाजीनं १७८७ मध्ये दत्तक घेतला आणि तुळजाजी मेल्यावर गादीवर बसला अमरसिंग. सरफोजीला गादी मिळाली १७९८ मध्ये, इंग्रजांच्या मेहेरबानीनं. दुसऱ्याच वर्षी तह झाला, राज्य कंपनीकडं गेलं आणि त्याच्याकडं उरला किल्ला, मान आणि तनखा. मग चार वर्षांनी भिंतीवर वंशावळ. मामा, ज्याच्या वारसपणावर शंका घेतली गेली आणि ज्याचं राज्य गेलं, त्यानं दगडात लिहिलं की मी कोण. मोठा माणूस होता, ग्रंथ जमवले, छापखाना घातला, सगळं खरं. पण तो शिलालेखसुद्धा करीनाच आहे. फक्त समोर गोतसभा नाही.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. बीडच्या माणसाकडं ते असतंच.

मामा : भास्कराचार्य घे. चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे, भाऊ दाजी लाडांनी जगापुढं आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा राजज्योतिषी. त्यानं मठ काढला, आजोबांचे ग्रंथ तिथं शिकवायला. १२०७ च्या सुमाराची गोष्ट. लेखात त्रिविक्रमापासून पिढ्या दिल्यात. भास्करानं आपलं गाव विज्जडवीड सांगितलंय, आणि विज्जडवीड म्हणजे आपलं बीड, असं मानणारे विद्वान आहेत. इथं कुठला तंटा?

भाची : गाव पाटणकर त्यांचं म्हणतात, आणखी दोन ठिकाणचे लोक त्यांचं म्हणतात. ते राहू द्या. तंटा नाही, पण मठाला देणगी आहे. जमीन कुणाच्या विद्येच्या नावानं दिली ते पक्कं करायला पिढ्या लिहिल्या. बरं, त्या पिढ्यांत लीलावती आहे?

मामा : ती त्यांची मुलगी होती की नाही यावरच वाद आहे. ती कथा फैजीच्या फारसी भाषांतरातून पसरली.

भाची : असेल. पण शिलालेखातून तुम्हाला ती होती असंही कळत नाही, नव्हती असंही कळत नाही. मुलगा लक्ष्मीधर आहे, नातू चांगदेव आहे. मुली असतील तर भिंतीबाहेर. फिरिश्ता लिहितो की महंमद तुघलकाचा दात बीडजवळ पडला, तो त्यानं समारंभानं पुरला आणि त्यावर इमारत बांधली. एका दाताची नोंद आहे, मामा. पाटणच्या लेखात नऊ पिढ्यांतली एक बाई नाही.

मामा हसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि एकदम वेगळ्या आवाजात बोलले. वर्गात शेवटच्या तासाला मुलांना जागं करताना मास्तर बोलतात तसा.

मामा : आपल्याच गावची बाई विसरलीस तू. खोलेश्वर ठाऊक आहे ना?

भाची : देऊळ ठाऊक आहे.

मामा : माणूस देवळाआधीचा. सिंघणाचा सेनापती, मुद्गल गोत्राचा ब्राह्मण, लढाया मारत गुजरातेपर्यंत गेलेला. १२२८ चे त्याचे लेख इथं आहेत. त्याचा मुलगा राम. बापानंतर त्यालाही गुजरातच्या मोहिमेवर धाडलं, आणि तो नर्मदेकाठच्या लढाईत पडला. त्यानंतरचा लेख शके ११६२ चा, म्हणजे १२४० चा. तो कुणाचा? लक्ष्मीचा. खोलेश्वराची मुलगी, रामाची बहीण. तिनं भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचं देऊळ बांधलं आणि बापाचा, भावाचा पराक्रम दगडावर घातला. आज खोलेश्वराचं घराणं जे थोडंफार कळतं, त्यात तिचा वाटा मोठा आहे. आठशे वर्षांपूर्वी, या गावात, बापाच्या घराची वंशावळ लेकीनं लिहिली.

भाचीला हे ठाऊक नव्हतं. ती अंबाजोगाईची असून ठाऊक नव्हतं, यात तिचा एकटीचा दोष नाही. आम्ही सगळे योगेश्वरीला जातो, मुकुंदराजांच्या समाधीला जातो, पाहुण्यांना दासोपंतांची पासोडी दाखवायचं ठरवतो आणि खोलेश्वर म्हटल्यावर पत्ता सांगतो. गावात यादवकाळाचे लेख आहेत आणि ते कुणाचं नाव घेतात हे गल्लीतल्या दहांपैकी नऊ जणांना सांगता येणार नाही. मुकुंदराज खरे अंबाजोगाईचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, या वादात मात्र प्रत्येक जण हिरिरीनं उतरेल.

भाची : मग लक्ष्मीनं कशासाठी लिहिलं?

मामा : ते तूच सांग. कशासाठी लिहिलं हे आधी विचारायचं, असं तूच म्हणायलीस.

भाची : भाऊ मेला. घर कुणाच्या नावावर चालणार हा प्रश्न असेल. देवळाला दान दिलं असेल, त्याचा अधिकार दाखवायचा असेल.

मामा : असेल. आणि भाऊ गेला याचं दुःखही असेल. प्रत्येक कागदामागं फक्त दावा बघितलास तर एक दिवस तुला माणूस दिसायचा बंद होईल.

भाची : आणि तुम्ही फक्त माणूस बघितलात तर दावा सुटेल. बरं, लक्ष्मी तुमच्या आवडीची दिसते. मग पुस्तकात लेकी का नाहीत?

मामा : कुलवृत्तांताची पद्धत आहे ती. लेक लग्न होऊन गेली की ती तिकडच्या कुळात लिहायची. तू तुझ्या बापाच्या वंशावळीत आहेसच.

भाची : तिथंही नाही. तिथं माझं लग्न झाल्यावर मला कंसात टाकलंय. पण माझं सोडा, आईचं विचारते. आजोबा गेल्यावर सातबारावर वारसांचा फेरफार झाला. त्यात तुम्हा दोघा भावांची नावं आहेत, आजीचं आहे, आणि माझ्या आईचं आहे. तलाठ्यानं लिहिलंय, मयताची मुलगी. पुढच्या फेरफारात हक्कसोड. तिचं नाव कंस करून उडवलंय. म्हणजे सरकारी दप्तरात आई तुमच्या घराची लेक म्हणून एकदाच आली, आणि आली तीच निघून जायच्या तयारीनं. २००५ ला केंद्रानं कायदा दुरुस्त केला, मुलगी जन्मानंच हिस्सेदार झाली. बीडच्या कोर्टात माझ्यासमोर रोज एक तरी भाऊ म्हणतो, बहिणीनं खुशीनं सोडलं.

मामा : तुझ्या आईनं खुशीनंच सोडलं.

भाची : मी कुठं नाही म्हणाले? सही करायला ती सकाळी निघाली तेव्हा मी घरात होते. येताना साडी घेऊन आली, तीही मला आठवते. मी दावा लावायला आलेली नाही. मी म्हणते की तो फेरफार हा तुमच्या घराण्याचा कागद आहे. बिदरपेक्षा खरा. त्याला तारीख आहे, क्रमांक आहे, नोटीस लागली होती, कुणी हरकत घेतली नाही. तुमच्याच गोतसभेच्या कसोटीला उतरतो. तो पुस्तकात का नाही?

मामांनी रुमालाची टोकं बांधायला घेतली, पुन्हा सोडली. त्यांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांनी काही लपवलं नव्हतं. कुलवृत्तांताचा जो साचा विसाव्या शतकात मराठीत पक्का झाला त्यात मूळपुरुष वर, शाखा खाली, सुना कंसात आणि लेकी गाळलेल्या. मामांनी तो जसाच्या तसा घेतला. पण त्याच मराठवाड्यात दुसरी वंशावळ तोंडी चालत होतीच. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या हजारोंनी टिपून घेतल्या. १९९६ मध्ये त्यांचं पथक माजलगावच्या भीमनगरात ओव्या ध्वनिमुद्रित करायला आलं होतं. दळणारी बाई भावाचं नाव घेते, माहेरचं गाव घेते, आत्याचं, मावशीचं घर सांगते. तिचं झाड वर वाढत नाही, आडवं पसरतं, आणि गिरण्या आल्या तशी ते गाणारी माणसं कमी झाली. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्यांतही हे थोडं सापडतं. नाशिकला किंवा त्र्यंबकला गेलेल्या माणसानं बरोबर कोण आलं ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं असतं, त्यात आई असते, विधवा बहीण असते, कारण यात्रेला तीही चालत आलेली असते. मामांनी नाशिकची वही पाहिली आहे. त्यातली पुरुषांची नावं तेवढी उतरवून आणली.

मामा : समजा, घातला फेरफार. मग चुलत घराण्यातल्या लेकींचे फेरफार कोण शोधणार? सात शाखा आहेत. तलाठ्याकडं खेटे कोण घालणार?

भाची : मी घालते. ऑनलाइन बरेच निघतात आता.

मामा : आणि बिदरचं काय करू?

भाची : ठेवा. पण तिथं लिहा की हे तुमचे आजोबा सांगायचे, आणि मैलारला जायची रीत होती. आजोबा कधी वारले तेही लिहा. ते जमिनीचा वाद निघायच्या आधी सांगत होते ना?

मामा : वाद कुठला? आपल्यात वाद झालाच नाही.

भाची : तेच. मग त्यांच्या तोंडचं बिदर कलम ३२ मध्ये बसतं. तुमच्या हातचं बसत नाही.

मामा : म्हणजे मेलेल्या माणसाचं खरं आणि जित्याचं खोटं?

भाची : जित्याची उलटतपासणी घेता येते, म्हणून त्याला बोलवायचं. प्रत्येक कागदाखाली एक ओळ घाला, कशासाठी लिहिला त्याची. इनाम चौकशी. वारस फेरफार. यात्रा. शाळेत नाव घालायला. मग ज्याला जे घ्यायचं ते घेईल.

मामा : एवढ्यानं पानं किती वाढतील याचा हिशेब केलायस? छापणारा पानावर पैसे घेतो.

भाची : राजे-महाराजांची चित्रं काढून टाका. चार पानं वाचतील.

मामा : आणि हक्कसोडीचा फेरफार छापला तर भाऊबंद काय बोलतील? म्हणतील, घरातलं उणं चव्हाट्यावर मांडलं. उद्या त्यांच्या लेकी विचारायला लागल्या म्हणजे?

भाची : बोलू द्या की. आत्ता बोललेलं लिहून ठेवा, तारीख टाकून. अजून कुणी दावा लावलेला नाही, तोवरचं बोलणं कोर्टात चालतं.